नंबराचा चहा

ज्या दिवशी कंपनी बंद पडली, त्या दिवशी कॅप्टनचा नंबर पहिला होता. वैमानिक नसलेल्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, छान, मग बिघडलं कुठे? वैमानिक मात्र खाली बघून चहा ढवळत राहतो.

त्याचं असं आहे. विमान कंपनीत कोण किती चांगलं उडवतो हे फारसं कोणी विचारत नाही. ज्याला धड उडवता येत नाही त्याला पुढे बसूच देत नाहीत, म्हणजे बसलेले सगळे सारखेच. मग कोणाला काय मिळायचं हे ठरवायचं कसं? तर नोकरीला लागल्याच्या तारखेवरून. आधी आला तो वर, नंतर आला तो खाली, आणि प्रत्येकाच्या कपाळी एक नंबर. मोठं विमान कोणाला, पहाटेची फेरी कोणाच्या गळ्यात, शाळेच्या सुट्टीत रजा कोणाला, सगळं त्या नंबरावर. सगळ्यात मुख्य म्हणजे डावी खुर्ची त्या नंबरावर. डावीकडे बसतो तो कॅप्टन, उजवीकडे बसतो तो को-पायलट. वरचा कोणी निवृत्त झाला, आजारी पडला किंवा सोडून गेला, की खालचे सगळे एकेक पायरी वर चढतात. आणि आपण स्वतः कंपनी सोडली, की नंबर तिथेच ठेवून जायचं. दुसरीकडे गेलात की तुमची पंचवीस वर्षं तुमच्यापाशी. तिथे तुम्ही कालच लागलेल्या पोराच्याही मागे उभे राहता. असली अजब तऱ्हा दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल, पण वैमानिक तिला देवाची करणी असल्यासारखे मानतात.

कॅप्टनच्या कंपनीत यावरून एक रीत पडली होती. वरचा माणूस गेला की त्याची जागा ज्याला मिळाली त्याने कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजायचा. त्याला 'नंबराचा चहा' म्हणत. जाणाऱ्यालाही आग्रहाने बोलवायचं, त्याच्या पाठीवर थाप मारायची, 'तुझी फार आठवण येईल' म्हणायचं, आणि मनातल्या मनात एक पायरी चढायची. कॅप्टनने आयुष्यात असले पुष्कळ चहा प्यायले आणि पुष्कळ पाजले.

कॅप्टन हे काही त्याचं नाव नव्हे. पण इमारतीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला, सासरची झाडून सगळी माणसं त्याला कॅप्टनच म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडे. फक्त बायको 'अहो' म्हणे आणि मेहुणा 'भाऊजी'. हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला अजून बारक्याच म्हणतात, उंचीने कॅप्टनपेक्षा वीतभर जास्त असला तरी. भाऊजींचा गणवेश बघून बघून तोही वैमानिक झाला आणि त्याच कंपनीत चिकटला. त्याचा नंबर मात्र पार तळाला, आणि उजव्या खुर्चीत बसून बसून त्याला कंटाळा आला होता.

कंपनी डबघाईला आली हे आधी कोणालाच कळलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं आणि कोणी बोललं नाही. मुक्कामाचं हॉटेल बदललं आणि नव्या हॉटेलात टॉवेल मागून घ्यावा लागू लागला. एका विमानाचा पंखा दुसऱ्याला, दुसऱ्याचं चाक तिसऱ्याला असं सुरू झालं. धावपट्टीच्या टोकाला तीन विमानं तोंडाला फडकं बांधून उभी राहिली ती हललीच नाहीत. शहाणे होते ते पाय काढता घेऊ लागले. कोणी परदेशी गेला, कोणी मालवाहू विमानांकडे, कोणी वेळेआधी निवृत्ती घेऊन घरी बसला. आणि दर खेपेला कँटीनमध्ये नंबराचा चहा.

चाळीसचा कॅप्टन एकतीस झाला. एकतीसचा अठरा. घरी येऊन बूट काढता काढता तो आधी नंबर सांगे.

"आज बारा," तो एका संध्याकाळी म्हणाला.

बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, तुमचा नंबर वर चाललाय की कंपनी खाली चाललीय?"

"तुला यातलं कळत नाही."

"नसेल कळत. बारक्या सोडतोय. त्या दुसऱ्या कंपनीत जागा निघाल्यात, तिथे चाललाय. म्हणत होता, भाऊजींनीही यावं."

कॅप्टनला हसू आलं. "त्याचं काय जातंय? तो इथे तळाला, तिथेही तळाला. मी बाराव्या नंबरावरून उठून तिथे जाऊ आणि बारक्याच्या शेजारी उजवीकडे बसू?"

"मी आपलं सांगितलं."

"अगं, नंबर वर येत असताना कोणी सोडतं का?"

बायकोने शर्टाची घडी पुन्हा एकदा घातली, जरा जोरातच, आणि विषय तिथेच संपला. बारक्या गेला. जाताना त्याचा चहा कोणी पाजला नाही, कारण तळातला माणूस गेल्याने कोणाचंच काही हललं नाही.

मग बारावरून सात, सातावरून तीन, आणि एके दिवशी वरचे दोघं एकाच आठवड्यात गेले. कॅप्टन पहिला झाला. ज्या नंबरासाठी लोक जन्म घालवतात तो नंबर. हवं ते विमान, हवी ती रजा, हवी ती फेरी त्याने नुसतं म्हणावं आणि मिळावी. मात्र तोवर विमानं चारच उरली होती आणि फेऱ्या सहा. त्याने चहा सांगितला तेव्हा कँटीनवाला म्हणाला, दूध बंद केलंय, काळा चालेल का? सगळ्यांनी काळा चहा प्यायला. नंतरच्या मंगळवारी कार्यालयाच्या काचेच्या दाराला साखळी लागली, आणि पहिल्या नंबराचा माणूस शेवटच्या नंबराच्या माणसाशेजारी फुटपाथवर उभा राहिला.

पुढे नऊ-दहा महिने त्याने नाक मुठीत धरून काढले. जिथे तिथे एकच उत्तर. अनुभव उत्तम आहे सर, पण सुरुवात तळापासून. शेवटी बारक्याची कंपनी उरली. बारक्या एव्हाना तिथे डाव्या खुर्चीत गेला होता, कारण ती कंपनी तेव्हा भराभर वाढत होती. आपण त्याच्याबरोबर आलो असतो तर आज आपणही डावीकडे असतो, हा हिशेब कॅप्टनने एकदाच केला आणि पुन्हा करायचा नाही असं ठरवलं. तो रोज करत राहिला.

रुजू व्हायच्या दिवशी नव्या लोकांना ओळीने बसवलं. एकाच तारखेला लागलेल्यांचा नंबर वयावरून लागतो, वडील तो वर, धाकटा तो खाली. कॅप्टन त्या तुकडीत सगळ्यात वडील, म्हणून तुकडीत पहिला. त्याच्या लगेच मागे एक मुलगी आली. तिचा परवाना इतका कोरा होता की कडा अजून बोटाला लागत असतील. मधल्या वयाचं त्या तुकडीत कोणी नव्हतंच. ती अदबीने म्हणाली, "सर, तुम्ही पुढे सरकलात की मी सरकणार." कॅप्टनने तिला नंबराच्या चहाची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली. तोही हसला.

त्याच्यापाशी निवृत्तीपर्यंत आठ वर्षं होती. या आठ वर्षांत एकदा तरी डाव्या खुर्चीत बसायचं, एवढं एकच त्याने मनाशी धरलं. मोठं विमान नको, रजा नको, काही नको. कॅप्टन म्हणून निवृत्त व्हायचं. को-पायलट म्हणून घरी गेलो तर वॉचमनने मारलेल्या हाकेला ओ कुठल्या तोंडाने द्यायची?

बारक्याबरोबरची पहिली फेरी त्याच्या कायम लक्षात राहिली. तो लवकर पोचला, विमानात चढला, कॉकपिटचं दार ओलांडलं, पिशवी ठेवली, पट्टा बांधला, चष्मा पुसला आणि कागद मांडीवर घेतले. दारात बारक्या येऊन उभा राहिला. कॅप्टनने मान वर केली. बारक्याने आपली पिशवी दारातच ठेवली आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्ही बसा. बाहेरची फेरी मी मारून येतो."

विमानाभोवती चक्कर मारून चाकं, पंखे, झाकणं बघणं हे को-पायलटचं काम. कॅप्टन आत बसतो. कॅप्टनने आपला हात कुठे आहे ते पाहिलं. तो डाव्या बाजूच्या छोट्या चाकावर होता, जमिनीवर विमान वळवायला असतं त्या चाकावर. त्यांच्या विमानात ते चाक डावीकडेच असे, उजवीकडे नसे. पंचवीस वर्षांच्या सवयीने तो मेहुण्याच्या खुर्चीत जाऊन बसला होता.

आणि मेहुण्याने त्याला उठवलं नव्हतं. ऊठ म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो गुमान खाली गेला आणि विमानाच्या पोटाखाली वाकून को-पायलटचं काम करू लागला. खाली उभा असलेला मेकॅनिक त्याच्याकडे बघत होता आणि मग वर काचेकडे. कॅप्टनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग बारक्याचा नव्हता, आणि म्हणूनच तो कुठे काढता येईना. तो उठला, पट्टे सोडवले, उजवीकडे सरकला. उजवीकडची खुर्ची कोणीतरी पुढे ओढून ठेवली होती, तिच्यात गुडघे अडकले.

बारक्या परत आला. दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सगळं ठीक आहे. निघण्याआधीची तपासणीची यादी वाचूया?"

"वाचूया, कॅप्टन," कॅप्टन म्हणाला.

"भाऊजी, असं नका ना."

"नियम आहे. वाच."

त्या फेरीभर दोघं कामापुरतं बोलले. बारक्याने विमान इतकं सुरेख टेकवलं की मागच्या प्रवाशांना कळलंही नसेल. कॅप्टनला ते बघून अभिमान वाटायला हवा होता, कारण हे टेकवणं त्यानेच शिकवलं होतं. त्याला नुसती चीड आली.

दोन वर्षं अशी गेली. कॅप्टन को-पायलट म्हणून फेऱ्या मारत राहिला आणि इमारतीत कॅप्टन म्हणून जिना चढत राहिला. नंबर हलत नव्हता, कारण कंपनी धड होती आणि धड कंपनी कोणी सोडत नाही. धड कंपनीचा त्याला वैताग येऊ लागला, यावरून माणूस कुठे पोचला होता ते समजावं.

मग एका मुक्कामी टॉवेल मागून घ्यावा लागला.

कॅप्टन बाथरूमच्या दारात ओल्या अंगाने उभा राहिला. त्याने ते हॉटेल, तो वास, तो रिकामा दांडा ओळखला. आणि त्या ओळखीच्या मागोमाग, अगदी लगेच, दुसरं काहीतरी आलं, जे त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. आता लोक जातील, असं त्याच्या मनात आलं. आता नंबर वर येईल.

आला. दोन महिन्यांत अकरा जण गेले, चौथ्या महिन्यात वीस. धावपट्टीच्या टोकाला एक विमान तोंडाला फडकं बांधून उभं राहिलं. कॅप्टनची झोप उडाली आणि भूक वाढली. ती मुलगी भेटली की बोटांवर मोजून दाखवी. "सर, अजून सात." "सर, अजून चार."

एका रविवारी बारक्या घरी आला. त्याने पाणी मागितलं, ग्लास हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

"भाऊजी, मी राजीनामा दिला."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि चौकटीला टेकली.

"तिकडे बोलणं झालंय," बारक्या म्हणाला. "कंपनी जुनी आहे, धड आहे. तुम्हालाही घेतात. मी शब्द टाकलाय. उद्यापर्यंत हो म्हणायचं."

"कुठल्या खुर्चीत?"

"उजवीकडे. मीही उजवीकडेच जातोय."

"डावी खुर्ची सोडून?"

"काय करू? मला अजून वीस वर्षं काढायचीत. ही कंपनी वर्षभरही टिकायची नाही, तुम्ही बघितलंय सगळं. तुम्हाला मी काय सांगू?"

"तुला वीस आहेत," कॅप्टन म्हणाला. "मला सहा. तिकडे सहा वर्षांत डावी खुर्ची येईल?"

बारक्या खोटं बोलणारा नव्हता. "नाही येणार."

"काल ऑफिसातून फोन होता. कॅप्टन कमी पडतायत. परवापासून माझं प्रशिक्षण. तू गेल्यावर जी जागा रिकामी होते ना, ती मला मिळतेय."

बारक्याने ग्लास तसाच खाली ठेवला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, सहा वर्षं उजवीकडे बसून विमान उडवलं तर ते उडत नाही का?"

"उडतं."

"मग?"

कॅप्टनला उत्तर माहीत होतं, पण ते बोलायला लाज वाटत होती. त्याला कोणीतरी कॅप्टन म्हणावं आणि ते खरं असावं, एवढंच होतं ते. वय झालेल्या माणसाने बायको आणि मेहुण्यासमोर हे कसं म्हणायचं? म्हणून तो चिडला.

"तुम्हा दोघांना सोपं आहे. एका कंपनीत मी पहिला झालो तेव्हा तिला कुलूप लागलं. आता इथे दारापर्यंत पोचलोय, तर पुन्हा उठा आणि रांगेच्या टोकाला उभे राहा. किती वेळा उभं राहायचं माणसाने?"

"कुलूप याही दाराला लागणार आहे," बायको म्हणाली. "आणि मग साठीच्या माणसाला उजवीकडेही कोणी बसवणार नाही. हे तुम्हाला कळतंय. कळत नसतं तर मी भांडले असते." ती आत गेली. भांडी घासण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, भांडी थोडीच असताना.

दुसऱ्या दिवशी त्याने हो म्हणायचा फोन केला नाही.

जागा त्याला मिळाली होती, म्हणजे चहा त्याने पाजायचा होता. ही रीत या कंपनीत मुळात नव्हती. त्यानेच ती गोष्ट सांगून आणली होती. कँटीन बंद झालेलं असल्याने सगळे जिन्याखालच्या यंत्राभोवती कागदी पेले घेऊन उभे राहिले. यंत्रातून निम्म्या वेळा नुसतं गरम पाणी येई. बारक्याने पेला घेतला, एक घोट घेतला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, अभिनंदन." तो ते टोमणा म्हणून बोलला असता तर कॅप्टनने त्याला सुनावलं असतं. तो मनापासून बोलला होता. कॅप्टनने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि 'तुझी फार आठवण येईल' म्हणाला, आणि ते त्याच्या तोंडून निघालं तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली.

डाव्या खुर्चीतली पहिली फेरी दुपारची होती. शेजारी नेमकी तीच मुलगी. हात आपोआप छोट्या चाकावर गेला आणि या वेळी तो चुकला नव्हता. गुडघे कुठे अडकले नाहीत. बाहेर मेकॅनिकने त्याला सलाम केला. कॅप्टनचा जीव सुपाएवढा झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. जिच्यासाठी त्याने सगळं ओवाळून टाकलं होतं ती खुर्ची मिळाली होती आणि तो सुखात होता. त्या सुखाचीच त्याला चीड येत होती.

मुलगी बाहेरची फेरी मारून आत आली, टोपी काढून बसली. "आपलं सगळं ठीक आहे, सर. पलीकडच्याचं इंजिन काढून नेलंय."

दोघांनी काचेतून पाहिलं. पलीकडच्या विमानाच्या पंखाखाली भोक होतं, आणि त्याच्यावर प्लास्टिक बांधलं होतं.

"ऐक," कॅप्टन म्हणाला. "तू दुसरीकडे अर्ज कर. आजच कर. बारक्या ज्या कंपनीत गेलाय तिथे अजून घेतायत, मी त्याला सांगतो."

"करणार होते सर. अर्ज लिहूनही ठेवला होता."

"मग?"

"मग तुमचं प्रशिक्षण झालं." ती हसली. "आता तुमच्या मागे मीच. आणखी सहा महिन्यांत कॅप्टन व्हायला लागतात तेवढे उड्डाणाचे माझे तास भरतील. नंबर वर येत असताना कोणी सोडतं का?"

कॅप्टनने तिच्याकडे पाहिलं. बायकोचा प्रश्न त्याच्या ओठांवर आला, जसाच्या तसा, कपड्यांच्या घड्यांसकट. नंबर वर चाललाय की कंपनी खाली चाललीय, एवढंच तिला विचारायचं होतं. पण ते विचारायला तो ज्या खुर्चीत बसला होता तीत बसून त्याला तोंड नव्हतं.

"तुम्ही गेलात की चहा माझ्याकडून," मुलगी म्हणाली. "लक्षात आहे माझ्या."

टॉवरने निघायची परवानगी दिली.

"यादी वाचूया, कॅप्टन?" तिने विचारलं.

"वाच," तो म्हणाला, आणि त्याने छोटं चाक हळूहळू वळवलं.